सलूनवाल्याच्या बायकोचा शेवट

आमच्या घरी लिटरेचर टेम्पोने येतं. औषधाच्या खोक्यात बाटलीशेजारी एक पातळ कागद दुमडून ठेवलेला असतो, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा. औषध कधी घ्यावं, कधी घेऊ नये, घेतल्यावर काय काय बिघडू शकतं, सगळं त्यावर छापलेलं असतं आणि ते कोणीही वाचत नाही. त्या कागदाला औषधाच्या धंद्यात लिटरेचर म्हणतात. छापखान्यातून ते सपाट येतं, आमच्या वरच्या खोलीत त्याच्या घड्या पडतात, गठ्ठे बांधून होतात आणि ते कारखान्यात जातं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच करते आहे. सासूच्या हाताखाली शिकले, ती गेल्यावर तिच्या खुर्चीवर बसले. आता उजव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय, सकाळी कपाचा कान धरायलाही कुरकुरतं. पण माझ्या टेबलावरून वाकडी घडी गेली असं कोणी म्हणून दाखवावं.

तर थोरल्यासाठी मुलगी बघायला गेलो आणि तिचे वडील म्हणाले, "हिने लिटरेचर केलंय, पहिल्या वर्गात पास झाली," तेव्हा मी ह्यांना कोपराने ढोसलं. म्हटलं, चला, शिकवायचा त्रास वाचला. घरात आल्यावर कळलं, बाईला साधी मधली घडी सरळ घालता येत नाही.

"अगं, मग इतकी वर्षं तिथे केलंस काय?"

"वाचत होतो, आई."

"सगळेच?"

"सगळेच."

"आणि शिकवणारे?"

"तेही वाचत होते."

त्यांना पगार मिळतो हे ऐकल्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

पण मुलगी वाईट नव्हती. हात मंद, जीभ गोड. खोलीतला रेडिओ बंद पडला त्या वर्षी तिचा उपयोग कळला. रेडिओ गेला आणि घड्या घालायला येणाऱ्या बायका बोलायला लागल्या. बायका बोलायला लागल्या की मान वळते, मान वळली की हात वळतो, आणि घडी तिरकी जाते. ओरडून माझा घसा बसला. शेवटी सुनेला म्हटलं, "तुझ्या घड्यांपेक्षा तुझं तोंड बरं आहे. ऊठ, त्या खिडकीपाशी बस आणि काहीतरी वाच." ती वाचायला लागली आणि खोलीत नुसती कागदाची खसखस. बायका ऐकायला लागल्या की माना खाली राहतात. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. संध्याकाळी घरी निघताना प्रत्येकीने आपल्या ढिगातला एक गठ्ठा सुनेच्या नावाने ठेवायचा, म्हणजे त्या गठ्ठ्याचे पैसे तिला. त्याला वाचणारीचा वाटा म्हणतात. कोणी कुरकुरलं नाही. ज्या दिवशी गोष्ट रंगायची त्या दिवशी काही जणी वर चार कागद जास्तीचे ठेवायच्या, जशी काही सुनेने गोष्टीत मिठाई वाटली.

पुस्तकं रद्दीवाल्याकडून यायची, वजनावर. त्यात काय नव्हतं! खून, लग्नं, राजे, भुतं, एकदा तर विहिरीच्या पंपांचं माहितीपत्रकच निघालं. तेही सुनेने अर्ध्या दुपारपर्यंत वाचलं आणि पंपाचा मालक शेवटी कोणाशी लग्न करतो म्हणून एकीने विचारलं.

ती विचारणारी म्हणजे चष्मेवाली. मनाने साधी, तोंडाला कुलूप नाही. पोटात गेलेलं ओठांवर यायला तिला पाणीसुद्धा लागत नाही. तिनेच एकदा सुनेला विचारलं होतं, "वहिनी, हे तुम्ही शिकलात ते साहित्य म्हणजे नक्की काय हो?"

सूनबाईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं बिचारीला. म्हणाली, "जे माणसाला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते."

मी म्हटलं, "मग बसचं वेळापत्रक. मी सकाळपासून तीनदा वाचलंय."

सगळ्या हसल्या. सूनही हसली, पण जरा दुखावली. त्यावर लांबी, आमच्यातली सगळ्यात उंच बाई, म्हणाली, "वहिनी, ज्याचा कुठेतरी उपयोग होतो ते असेल." सून म्हणाली, "नाही, उपयोगाचं असलंच पाहिजे असं नाही." लांबीने खांदे उडवले आणि पुढचा कागद ओढला.

लांबीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यामुळे घडलं. उंच इतकी की टेबलाखाली पाय मावत नाहीत. म्हणून ती एकटी उंच स्टुलावर बसायची, सुनेच्या अगदी समोर. हात तर असे की बघत राहावं. कागद तिच्या बोटांत आपणच दुमडतो. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. आधी फोन यायचे, मग नुसता आवाज यायचा, मग नंबरच बंद झाला. बोटीवर गेलेली माणसं परत येतात, हा काही आला नाही. कोणी म्हणायचं दुसऱ्या बंदरात संसार मांडलाय. लांबी काहीच म्हणायची नाही. तिची एक खोली होती, एक खिडकी होती, खिडकीत एक कुंडी. रोज वेळेवर यायची, वेळेवर जायची.

आणि मग ते सलूनवाल्याचं पुस्तक आलं.

त्यात एक सलूनवाला होता. दुकान, आरसा, एक मोठी फिरती खुर्ची. एके दिवशी तो वस्तरा विकत आणायला म्हणून जातो आणि येतच नाही. त्याची बायको दुकान विकत नाही. रोज सकाळी उघडते, आरसा पुसते, खुर्ची पुसते, संध्याकाळी बंद करते. लोक हसतात, नंतर हसायचं विसरतात. सुनेने ते असं वाचलं की टेबलावरचे हात मंद झाले. मी दोनदा टेबल ठोकलं, पण खरं सांगायचं तर मीही ऐकत होते. शेवटी एका दुपारी दार वाजतं. एक म्हातारा गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसतो, दाढी वाढलेली. ती काही न बोलता त्याच्या तोंडाला साबण लावते, दाढी करते, आणि साबणाखालून तिचा नवरा निघतो. तो तिचे हात धरून रडतो. चष्मेवालीने चष्मा काढून पदराने पुसला, मग डोळे, मग परत चष्मा. त्या दिवशी वाचणारीच्या वाट्याला सगळ्यांनी दोन दोन गठ्ठे दिले.

त्यानंतर आठवड्याभरात लांबीने कामावर बसता बसता सांगितलं, "माझा भाऊ येणार आहे शनिवारी. मला घेऊन जायला."

भाऊ दुसऱ्या गावी बेकरीत होता. बायकोला जुळं झालं होतं. म्हणत होता, एकटी कशाला राहतेस, आमच्यात ये, खोलीचा एक कोपरा तुझा.

चष्मेवाली म्हणाली, "अगं बाई, बरंच झालं की. माणसात जाशील."

"मी नाही म्हणणार आहे," लांबी म्हणाली. "मी वाट बघणार आहे ह्यांची. त्या सलूनवाल्याच्या बायकोने नाही का बघितली?"

चष्मेवालीने प्रेमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मात्र सुनेकडे बघितलं, कारण तिच्या हातून पुस्तक निसटून खाली पडलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती कांदा चिरत होती. एरवी नाही रडत कांद्याने, त्या दिवशी रडत होती.

"आई, माझी एक चूक झाली आहे."

"काय फोडलंस?"

"तो शेवट पुस्तकात नव्हता."

"नव्हता म्हणजे?"

"मागची पानंच नव्हती. ती दारात उभी आहे, बाहेर पावलं वाजतात, इथपर्यंत होतं. पुढे नुसता पुठ्ठा. तो येतो की नाही मला काय माहीत!"

"मग वाचलंस काय?"

"पुठ्ठा."

मी चुलीवरचं उतरवलं आणि खाली बसले. गुडघ्यांनाही बसायचंच होतं. "पुठ्ठा वाचलास? अख्खी दुपार?"

"सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आई. चष्मेवाली म्हणाली, आता आला नाही ना तर ते पुस्तक मी बंबात घालीन. मग आणला मी त्याला."

"आणलास! म्हणजे काय, त्याचा पत्ता होता तुझ्याकडे?" मला राग आला होता. "आपल्या कागदावर तू एक ओळ मनाने घातलीस तर कारखानेवाले उद्या दारात उभं करतील का?"

"ते वेगळं असतं."

"काय वेगळं? तेही लिटरेचर, हेही लिटरेचर. फरक एवढाच की ते खरं असून कोणी उघडून बघत नाही, आणि हे खोटं ऐकून ती पोरगी सख्ख्या भावाला नाही म्हणते आहे. एका खुर्चीपायी जन्म घालवेल ती. उद्याच्या उद्या सांग तिला."

सुनेने डोळे पुसले, हाताला कांदा होता म्हणून आणखी रडली. "सांगते. पण मग त्या माझं पुन्हा कधी ऐकतील का?"

हेही खरंच होतं. खोलीत परत बडबड, परत वाकड्या घड्या. दिवसभर उभी राहून मी इतकी थकले होते की नवीन भांडण सुरू करायचंही त्राण नव्हतं. मी विचार केला. लांबीसारखा हात मला परत मिळणार नाही, ती गेली तर नुकसान माझं आहे. तेव्हा मी स्वार्थाने बोलते असं तर कोणी म्हणणार नाही.

"असं कर," मी म्हटलं. "तो आलाय ना? आलाय तर आलाय. काढता येत नाही. पण आल्यावर काय होतं ते सांग."

"काय होतं?"

"तुझं लग्न होऊन एवढी वर्षं झाली आणि मला विचारतेस?"

तिला हसू आलं. मग ती लिहून घ्यायला कागद शोधायला लागली. मी म्हटलं कागद कशाला, पुठ्ठा वाचतेस ना, डोक्यात ठेव. आणि मी सांगत गेले. तो उशिरा उठतो. आरशावर डाग आहे म्हणतो. एवढी वर्षं पुसला त्याबद्दल एक शब्द नाही, डाग तेवढा दिसतो. भाजीत मीठ जास्त. बोटीवरच्या लोकांना, म्हणजे जिथे कुठे होता तिथल्या लोकांना, कसं नीट शिजवता येतं ते ऐकवतो. गिऱ्हाइकाची दाढी करायला सांगितली की हात दुखतो. आणि एके दिवशी खुर्ची विकतो.

सुनेची सुरी थांबली. "खुर्ची विकतो?"

"विकतो. हातगाडीवर घालून नेतो. बांधायला दोरी बायकोकडून मागून घेतो."

"आई..." ती माझ्याकडे बघत राहिली. "हे दोरीचं कुठून सुचलं तुम्हाला?"

"सुचायला काय लागतं? घरात दोरी कुठे असते ते पुरुषांना कधी माहीत असतं का? चिर कांदा."

दुसऱ्या दिवशी तिने वाचलं. म्हणाली, मागची काही पानं चिकटली होती, ती सुटली. सुरुवातीला बायका खूश झाल्या, गेलेला पाहुणा परत आल्यासारख्या. मग आरशावरचा डाग आला. मग मीठ.

"अगं, हा तर हात धरून रडत होता!" चष्मेवाली म्हणाली.

"रडणारेच मिठाची खोड काढतात," कोणीतरी मागून बोललं.

खुर्ची गेली तेव्हा सगळ्यांचे हात अडले आणि मला खोकून ते सुरू करावे लागले. सून वाचत होती, म्हणजे पुठ्ठ्याकडे बघत होती, आणि त्या सलूनवाल्याची बायको नवऱ्याला म्हणत होती, "हे घर आहे की स्टेशनवरची वेटिंग रूम? वाटेल तेव्हा यायचं आणि पाय पसरायचे?"

हे मी सुनेला सांगितलं नव्हतं. तिने आपल्या मनाने घातलं. पण हे वाक्य माझं आहे. धाकटा रात्रपाळीवरून मित्रांना घेऊन येतो तेव्हा मी जिन्यातून हेच ओरडते, आणि ते वरच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही. लांबीने मात्र तोंडावर हात धरला. मला वाटलं, रडते आहे. म्हटलं, चला, औषध लागू पडलं.

चष्मेवालीला तर इतकं लागू पडलं की संध्याकाळपर्यंत ती एकच म्हणत होती, "मेलं, वाट बघून काही मिळत नाही हो. बाईने आपला रस्ता धरावा."

सगळ्या गेल्या. लांबी मागे राहिली, गठ्ठे बांधायला मदत करते म्हणाली. सून खाली गेली होती.

"मावशी," ती म्हणाली, "दोरी छान होती."

मी रबर लावत होते. "कुठली दोरी?"

"खुर्ची बांधायची. वहिनींच्या डोक्यातली नाही ती. वहिनींचे लोक रडतात. तुमचे मीठ काढतात."

मी वर बघितलं. ती हसत होती. सकाळी तोंडावर हात धरला तेव्हाही हसतच होती तर.

"मला माहीत होतं पहिल्यापासून," ती म्हणाली. "मी समोर बसते ना, वरून दिसतं. पानं संपली, पुठ्ठा आला, वहिनी वाचतायतच. पान उलटायचं म्हणून एकदा त्यांनी पुठ्ठाच उलटला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"चांगलं चाललं होतं की."

"चांगलं चाललं होतं!" माझा आवाज चढला. "आणि त्या खोट्यावर तू भावाला नाही म्हणणार? तो येणार नाहीये, पोरी. तुझा नवरा. कडू वाटेल, पण मी सांगते."

"नाहीच येणार. आला तर मी दार लावीन."

मला काही कळेना. मी गठ्ठा खाली ठेवला. तिने तो उचलून नीट रचला आणि त्याच्याकडेच बघत बोलली.

"मावशी, भावजयीला जुळं झालंय. मी गेले की दिवसा पोरं माझी, रात्री पोरं माझी, धुणं माझं, आणि कोपरा माझा. भाऊ वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की माझं भलं करतोय. मला इथे बरं वाटतं. काम संपतं, खोलीवर जाते, दार लावते, कोणी काही मागत नाही. पण हे त्याला कसं सांगू? एकटीला बरं वाटतं, हे कोणाला चालतं का? हसेल तो. नाहीतर संशय घेईल. दोन वर्षं मी शब्द शोधत होते. वहिनींनी त्या दिवशी वाचलं आणि मला सापडले. 'मी त्यांची वाट बघते' म्हटलं की भाऊ मान खाली घालतो. फोनवर म्हणून बघितलं मी. गप्प झाला. बाईने वाट बघायची म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच राहत नाही कोणाला."

मी बसले. एवढं वय झालं, माणसं पारखली, सुना-जावई पारखले, आणि समोर स्टुलावर बसलेली बाई मला दिसली नव्हती.

"मग आज ते सगळं ऐकून घेतलंस कशाला? थांबवायचंस."

"तुम्ही एवढं मनावर घेऊन रचलेलं. आणि खुर्ची विकतो का नाही ते मलाही बघायचं होतं." ती पर्स घेऊन उभी राहिली, दारात नेहमीसारखी वाकली. "आता फक्त चष्मेवाली गप्प बसली म्हणजे झालं."

शनिवारी दुपारी भाऊ आला. सरळ वर आला, हातात पत्र्याची मोठी पेटी, रिकामी. बहिणीचं सामान भरायला. बहिणीइतकाच उंच, पण खांदे उतरलेले, डोळ्यांत झोप. बेकरीत रात्रभर उभा आणि घरी जुळं, झोपणार कधी? मला त्याचीही कीव आली, हेही सांगून ठेवते.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. लांबी म्हणाली, "दादा, मी फोनवर सांगितलं होतं तुला."

"सांगितलंस. म्हणून मी जास्त काही बोललो नाही. नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा." त्याने पेटी खाली ठेवली. "पण म्हटलं, एकदा समोर येऊन विचारावं. येईल का गं तो?"

लांबी म्हणाली, "येईल."

तेवढ्यावर निभलं असतं. तो पेटीची कडी परत हातात घेतच होता.

"अहो, न्या हो तिला!" चष्मेवाली उठून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "तिचं काही ऐकू नका. वाट बघणारीच्या नशिबी काय येतं, आम्ही कालच ऐकलं. येतात, मीठ काढतात, आणि दोरी मागून घेऊन खुर्ची विकतात!"

"कसली खुर्ची?" भाऊ म्हणाला.

"चांगल्या माणसात राहू दे तिला. बघा कशी वाळली आहे. तुम्ही भाऊ ना? मग विचारताय काय? उचला!"

भावाने बहिणीकडे बघितलं. ती घडी घालत होती. हात चालू होते, पण कान लाल झालेले. मग तो माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही मोठ्या आहात. ती तुम्हाला मानते. तुम्ही सांगा, काय खरं आहे? तुम्ही म्हणाल तसं करतो. न्यायची म्हणालात तर ती ऐकेल तुमचं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सून खिडकीपाशी उभी, हातात मिटलेलं पुस्तक. लांबीने मान वर केली नाही, पण तिच्यासमोरचा कागद हलायचा थांबला.

मी आयुष्यात खोटं बोलले नाही. भांडले, टोचून बोलले, बोलायला नको तिथे खरं बोलले, त्यामुळे दोन नणंदा अजून माझ्या दारात येत नाहीत. खोटं म्हणजे शिकलेल्यांची चैन, असं मी म्हणत आले. आणि आता हा झोपाळू डोळ्यांचा माणूस मला खरं विचारत होता. खरं सांगितलं तर संध्याकाळच्या गाडीने लांबी गेली. त्या पेटीत तिची कुंडीसुद्धा मावली असती.

"बस आधी," मी म्हटलं. तो बसला. "तुझी बहीण रोज संध्याकाळी काय करते माहीत आहे?"

"काय?"

"दोघांपुरतं रांधते."

लांबीची मान वर आली.

"दोन ताटं मांडते. एक झाकून ठेवते," मी म्हणाले. कुठून येत होतं देव जाणे. एकदा तोंड उघडलं की येतच होतं. "त्याच्या चपला दाराशी आहेत, त्यांना पॉलिश करते. आम्ही समजावून थकलो. मीच म्हटलं होतं तिला, जा भावाकडे. तर म्हणाली, मावशी, ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? सांग, यावर मी काय बोलणार? तू सांग. तुमच्या आईने तिला हेच शिकवलं असेल ना, का नवऱ्याचं घर बंद करून निघून ये म्हणून शिकवलं?"

भावाने मान खाली घातली. अगदी लांबीने सांगितली होती तशीच.

बराच वेळ तो पेटीच्या कडीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मला नव्हतं माहीत एवढं. मी शोधतो त्याला, काकू. बोटींच्या ऑफिसात जातो, फोटो देतो. जिथे असेल तिथून आणतो."

ही गोष्ट रचणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, ऐकणाऱ्याच्या येते. लांबीचा चेहरा पांढरा पडला.

"काही नको," मी म्हटलं. "बायकोचा भाऊ नवऱ्याचा फोटो घेऊन फिरला की लोक म्हणतात, पळून गेलाय. आणि बायको शांत बसून राहिली की म्हणतात, कामावर गेलाय. आता बहिणीची अब्रू कशात आहे ते तू ठरव. तुला करायचंच असेल तर घरी जाऊन एक तास झोप. बायकोलाही झोपू दे."

तो उठला. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, त्यासाठी त्याला हात फारसा वर न्यावा लागला नाही, ती स्टुलावर होती तरी. माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले. मग पेटी उचलून गेला. रिकामी पेटी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत खाली गेली, आणि ती खाली पोचेपर्यंत कोणी कागदाला हात लावला नाही.

पहिली हलली ती चष्मेवाली. धावत जाऊन लांबीच्या गळ्यात पडली. "मला मेलीला काय माहीत! दोन ताटं मांडतेस, चपला पुसतेस, आणि एक शब्द बोलली नाहीस गं!" बाकीच्याही तिच्याभोवती जमल्या. कोणी पाणी आणलं. कोणी पाठीवरून हात फिरवला. लांबी त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत होती. आभार नव्हते त्या नजरेत. गळ्यात जड काहीतरी घातल्यावर माणूस जसा बघतो तशी बघत होती. आता ती कधी नाटकाला जाताना दिसली, नवीन चप्पल घातली, मोठ्याने हसली, तरी ह्या सगळ्या तिच्याकडे बघणार. हे मला बोलून झाल्यावर कळलं. बोलताना नाही कळलं.

सून म्हणाली, "आई, पुढचं काही वाचू?"

"आज नको. गप्प बसा सगळ्या जरा."

बायका जागेवर गेल्या. मी लांबीच्या स्टुलापाशी तिचे तयार गठ्ठे घ्यायला गेले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आता रोज दोघांपुरतं करायचं का, मावशी?"

"कर आणि खा दोघांचं," मी म्हटलं. "तशीही काठी झाली आहेस."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने पुढचा कागद ओढला. मी गठ्ठे उचलून नेले. ढीग अजून अर्धाही संपला नव्हता आणि मला तिथेच, टेबलावर डोकं टेकून, झोपावंसं वाटत होतं.